तीनशे वर्षं हलणारा दात

अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या त्या वाचनालयात एक पुस्तक म्हणजे एकच आवाज, असा दंडक होता. बाबांचा आवाज शेवटच्या चार पानांपर्यंत पुरला. बाबा गेले त्याला दोन महिने होत आले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मन मोठं करून लेकीला बोलावलं. लेकीचा आवाज बापावर गेलाय, उरलेलं तिने वाचलं तर कानाला खटकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर पुस्तक नव्या वाचकाकडे जाणार होतं, तेही पहिल्या पानापासून. बाबांचं सगळं वाचन पुसलं जाणार होतं.

स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. माइकला पंख्याचा आवाज खपत नाही म्हणून पंखा बंद. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिस्ट बसलेला.

कादंबरी लहान मुलांची. नऊ वर्षांच्या एका पोराला अमरपण मिळतं, आणि नेमका त्याच दिवशी त्याचा एक दात हलत असतो. तो तीनशे वर्षं हलतच राहतो. राजे येतात, जातात, सवंगडी म्हातारे होतात आणि हा आपला जिभेने दात ढकलत बसतो. शेवटी कंटाळून तो अमरपण परत करतो. दात पडतो. पोरगा तो मुठीत घेऊन कुणाला तरी दाखवायला पळत सुटतो, आणि पुस्तक संपतं.

लेकीच्या लहानपणी बाबा हे वाचून दाखवत, तेव्हा शेवटचं प्रकरण आलं की ती त्यांच्या हातातून पुस्तक ओढून घ्यायची. एकदा तर ‘आता तो मरणार’ म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर बाबांनी शेवटाचं नाव काढलं नाही. पुढे तिने कपाटंच्या कपाटं वाचून काढली, मरणावरची जाडजूड पुस्तकंसुद्धा. या शेवटाबद्दलचं मत मात्र सात वर्षांच्या मुलीचंच राहिलं.

तिने पहिल्यांदा वाचलं, रेकॉर्डिस्टने हात वर करून थांबवलं. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. उच्चार चोख होते, पण सूर अगदीच पडलेला. रेकॉर्डिस्ट तोंडाचा फटकळ, मनाचा साफ.

“ताई, पोराचा दात पडतोय. तुम्ही वाचताय ते असं, की पोरगंच गेलं.”

“तेच तर झालंय ना,” ती म्हणाली.

त्याने डोकं खाजवलं. बाबांचा शेवटचा तुकडा ऐकवतो, त्यावरून सूर धरा, म्हणाला आणि बटण दाबलं. त्या तुकड्याची काटछाट अजून व्हायची होती, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

बाबांचा आवाज हेडफोनमधून थेट तिच्या कानात आला. एक परिच्छेद सरळ गेला. मग बारीकशी टकटक, आणि त्यावर रेकॉर्डिस्टची तक्रार, काका, कवळी वाजतेय. बाबा म्हणाले, वाजू दे लेका, त्या पोराचा एकच हलतोय, माझे तर सगळेच हलतात. दोघं खो खो हसले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट गडबडून बटणाकडे झेपावला. तिने हातानेच त्याला थोपवलं.

हेडफोनमधला रेकॉर्डिस्ट विचारत होता, की हा शेवट ऐकून मुलं रडणार नाहीत का. बाबा पाणी प्यायले असावेत. ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

“रडायचं काय त्यात? तीनशे वर्षं एकाच इयत्तेत बसवून ठेवलेलं पोर आज पास झालं. आता ते दहाचं होईल, मिसरूड फुटेल, कुणाशी तरी भांडून भांडून लग्न करेल, टक्कल पडेल. सगळं मिळणार बघ त्याला.” मग जरा थांबून, “माझी लेक इथे रडायची. समजूत घालायला हवी होती मी. पण रडायला तोंड उघडलं, की तिचा नवा दात दिसायचा. जेमतेम तांदळाएवढा वर आलेला. मी आपला तोच बघत बसायचो.”

आज कवळी दमली, उरलेलं उद्या करू, असं म्हणून बाबा उठले. खुर्ची सरकली.

तिला हसू आलं. आधी नुसतं नाकातून, मग काही केल्या आवरेना. रेकॉर्डिस्ट बिचारा काचेमागून माफी मागत होता, ते कापायचं राहिलं ताई, चुकलंच माझं. तिने डोळे पुसले, दोन घोट पाणी घेतलं आणि माइक चालू करायला सांगितला.

या खेपेला पोरगा खरोखरच पळाला. गल्लीतून, पुलावरून, धापा टाकत. दात दाखवायला ओळखीचं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून समोर आलेल्या पहिल्याच माणसापुढे त्याने मूठ उघडली. तो होता खांद्यावर शिडी घेऊन चाललेला एक रंगारी. रंगाऱ्याने शिडी खाली ठेवली, वाकून दात नीट पाहिला आणि म्हणाला, शाब्बास.

“पडला!” पोरगा म्हणाला.

तो शेवटचा शब्द तिच्या तोंडून असा काही उडाला, की रेकॉर्डिस्टने भान विसरून टाळी वाजवली. मधलं दार फटीएवढं उघडं राहिलेलं. टाळी त्यातून आत शिरून छान रेकॉर्ड झाली. पान पुन्हा वाचावं लागणार, हे त्याने जीभ चावत सांगितलं.

“वाचते की,” ती म्हणाली. “दहादा वाचते. दार तेवढं लावून घ्या.”