वैद्यबुवांची रेघ

“ही तलवार कुठून आली?”

“गुहेतून.”

“गुहेतून आली ते लिहिलंय. गुहेत ती दिली कोणी? मास्टरची सही कुठाय?”

समोरचा दाढीवाला, एरवी बँकेत साहेब म्हणून मिरवणारा पोक्त गृहस्थ, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा इकडेतिकडे बघू लागला. सही नव्हती. तपासनिसाने लाल पेन उचललं आणि आगीच्या पात्याची ती तलवार एका फटकाऱ्यात खोडून टाकली.

“अहो, तिच्यापायी कितीतरी रविवार घालवलेत मी! बायको बोलायची बंद झालीय.”

“मग सहीपायी एक मिनिट घालवायचं होतं. पुढचा कोण?”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी हा खेळ चालायचा. टेबलाभोवती पाच-सहा जण बसायचे, मास्टर गोष्ट सांगायचा आणि प्रत्येकजण आपापल्या पात्राच्या वतीने फासे टाकत त्या गोष्टीत लढायचा, चोऱ्या करायचा, प्रसंगी मरायचासुद्धा. पात्राजवळ काय आहे, त्याने काय कमावलं, काय गमावलं, हे सगळं त्याच्या शीटवर लिहायचं आणि खाली मास्टरची सही घ्यायची. माणसं एकच पात्र घेऊन वर्षानुवर्षं खेळायची, ते घेऊन दुसऱ्या शहरातल्या टेबलांवरही जाऊन बसायची. कोणी थापा मारून पराक्रमी होऊ नये म्हणून मोठ्या संमेलनाआधी सगळ्या शीट तपासून घ्याव्या लागत. ते काम या तपासनिसाचं. सगळे त्याला ‘लाल पेन’ म्हणत, आणि तेही तोंडावर; पाठीमागे म्हणण्याची तसदी घेत नसत.

बाकीचे दिवस तो लिफ्ट तपासायचा. दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे आणि आतल्या प्रमाणपत्रावर सही करायची, ही नोकरी. त्याच्या सहीच्या भरवशावर अनोळखी माणसं निर्धास्त वर-खाली जात. धाकटा भाऊ चेष्टा करायचा, “दादाची सही असली तर मी दोर नसलेल्या लिफ्टमध्येपण चढेन.” या खेळात त्याला ओढलं तेही धाकट्यानेच. फाशांची गोडी दादाला कधीच लागली नाही, पण शीट नावाचा प्रकार बघितला आणि गडी तिथेच रमला.

एक नियम मात्र लाल पेनच्याही वरचा होता. पात्र मेलं तर शीटवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल तिरकी रेघ मारायची, आणि ती खेळाडूने स्वतःच्या हाताने मारायची. तपासनिसाने खाली फक्त साक्षीची सही करायची. ती रेघ मारताना चांगले बाप्ये रडलेले त्याने पाहिले होते. कागदासाठी काय रडायचं, असं म्हणून तो मनातल्या मनात हसलाही होता.

दाढीवाला पाय आपटत गेला आणि घड्याळजी पुढे आला. हा बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा आणि रविवारी मास्टर व्हायचा. त्याने आणलेली शीट टेबलावर ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

“तुमच्या भावाची,” तो म्हणाला.

ती शीट ओळखायला नाव वाचावं लागत नव्हतं. कडा झिजलेल्या, घडीवर चिकटपट्टी लावलेली. पात्राचं नाव वैद्यबुवा. एका पायाने लंगडा, तोंडाने फटकळ आणि तलवारीला हात न लावणारा वैद्य. धाकट्याने तो कॉलेजात असताना घेतला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आजार जडला, पण वैद्यबुवा काही सुटला नाही. आजाराने आधी पाय नेले, मग हात न्यायला सुरुवात केली, आणि आता तो छातीपर्यंत पोचला होता.

“मागच्या खेळात वैद्यबुवा गेले,” घड्याळजी आवाज उतरवून म्हणाला. “विषारी काटे होते गुहेत. तुमचे भाऊ मध्येच दमलो म्हणाले, म्हणून त्यांच्या मिसेस त्यांना घरी घेऊन गेल्या. मग त्यांचे फासे मी टाकले. वाईट पडले हो. मी अजून लिहिलेलं नाही. त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही.”

“का नाही लिहिलं?”

“तुम्ही लिहिलं असतं? भेटायला गेलो की एकच विषय. संमेलनाला वैद्यबुवांना न्यायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“म्हणून आता माझ्या गळ्यात मारताय.”

“तुम्ही म्हणाल तसं करू,” घड्याळजी म्हणाला. “तुमच्या सहीवर कोण शंका घेणार?”

लाल पेनने शीट त्याच्या हातून घेतली. वाचताना त्याला त्याच आठवड्यातला दवाखान्याचा पॅसेज आठवत होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत, घरी न्या, हवं ते करू द्या. आणि आत येऊन तो भावाला म्हणाला होता, “सुधारणा आहे म्हणाले.” धाकट्याने लगेच बायकोकडे बघितलं होतं. “दादा म्हणतो ना? मग झालं तर.” त्या रात्री तो पोटभर जेवला, असं तिने मुद्दाम फोन करून कळवलं होतं.

सामानाच्या रकान्यात ‘विषावरचा उतारा’ खोडलेला होता. खोडलेली रेघ धाकट्याचीच, मुंग्यांची रांग विस्कटावी तशी. म्हणजे उतारा वापरला होता. लाल पेनला वाट सापडली आणि सापडल्याचा त्याला आनंदही झाला. त्याने हातातलं लाल पेन झाकण लावून खिशात ठेवलं, निळ्याने लिहिलं, ‘विषबाधा. उतारा घेतला. वाचला.’ आणि खाली सही ठोकली. घड्याळजीनेही मान वर न करता सही केली.

दुपारी तो शीट घेऊन भावाकडे गेला. दार भावजयीने उघडलं.

“रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. शीट आली का, शीट आली का,” ती म्हणाली, मग आवाज खाली आणून, “भाऊजी, खरंच सुधारणा आहे ना? मला तर काही दिसत नाही.”

“आहे म्हटलं ना.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चालताना तिचे खांदे जरा सैल झालेले त्याला दिसले.

धाकटा खिडकीशी, पलंगाची पाठ उचलून बसवलेला होता. नाकाशी नळी होती आणि उशाशी मशीन सुस्कारे टाकत होतं. “आण इकडे,” तो म्हणाला. दादाने शीट त्याच्या डोळ्यांपुढे धरली.

“पास झाले तुझे वैद्यबुवा. संमेलनाला जायचं.”

धाकटा वाचत राहिला. चार शब्द वाचायला एवढा वेळ लागत नाही.

“उतारा घेतला,” तो म्हणाला. “कोणी?”

“वैद्यबुवांनी. म्हणून तर वाचले.”

“दादा, तो उतारा मी तिरंदाजाला दिला. आपल्या टेबलावर त्या नर्सबाई खेळतात ना, त्यांच्या.” दोन शब्द झाले की तो थांबून श्वास घेत होता. “त्यालाही काटा लागला होता. एकच होता उतारा. मी दिला, मीच खोडला. पुढे काय होणार ते कळत होतं मला. ते बघवणार नव्हतं म्हणून म्हटलं, दमलो, घरी चला.”

लाल पेनने शीट आपल्याकडे वळवली. “घड्याळजी म्हणाला की…”

“तो म्हणाला असेल. सही तुझी आहे.”

आवाजात राग नव्हता. चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. धाकट्याने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे कपांचा आवाज होत होता. मग त्याने विचारलं, “आणि डॉक्टर काय म्हणाले होते?”

सुधारणा आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयार होते, जिभेवर होते. पण आता ते कोणाच्या उपयोगाचे राहिले नव्हते. जन्मभर एकच गोष्ट त्याने राखली होती, आपल्या शब्दाची पत; ती त्याने प्रेमापोटी उधळली, आणि तीसुद्धा भावाला धरायला दुसरं काहीच उरलं नव्हतं तेव्हा. तो खाली मान घालून बसला.

“बरं,” धाकटा म्हणाला. “तिला मी सांगतो. तू नको सांगूस. तिचा तुझ्यावर विश्वास आहे अजून. तो पुढे लागेल तिला.”

मशीन सुस्कारत राहिलं.

“लाल पेन आणलंयस?”

“असतंच.”

“दे.”

दादाने पेन त्याच्या बोटांत ठेवलं. मागच्या खेळात उतारा खोडणारी बोटं आता मिटली नाहीत. पेन चादरीवर घरंगळलं. त्याने ते उचलून पुन्हा ठेवलं आणि या वेळी भावाची मूठ आपल्या मुठीत धरली. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवून घेताना धरायचा तशीच.

“ओढायचं नाही हं,” धाकटा म्हणाला. “नियम माहितीय ना?”

“नाही ओढत. नुसतं धरलंय.”

पेनचं टोक शीटच्या कोपऱ्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. धाकट्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली, पण हात हलला नाही. दोघंही त्या ठिपक्याकडे बघत थांबले. मग दादाचा हात हळूहळू खाली यायला लागला. वैद्यबुवांचं नाव, लंगडा पाय, खोडलेला उतारा, निळ्या शाईतलं ‘वाचला’, सगळ्यावरून वाकडीतिकडी रेघ गेली आणि खालच्या कोपऱ्यात पोचली. धाकट्याने मध्ये काहीच म्हटलं नाही.

भावजय चहा घेऊन आली. “काय चाललंय दोघांचं?”

“वैद्यबुवा गेले,” धाकटा म्हणाला.

“अगंबाई,” ती हसली. “मग आता नवीन घ्या कोणीतरी.”

“घेऊ,” तो म्हणाला. “बस जरा इथे. तुझ्याशी बोलायचंय.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. शीटच्या तळाशी छापलेलं होतं, ‘खेळाडूने ही रेघ स्वतःच्या हाताने मारली.’ दादाने त्याखाली साक्षीची सही केली आणि सवयीने शीट भावापुढे धरली. भावाने तिकडे बघितलं नाही.