घोंगडीची मेंढी

मी एक जुनी मेंढी आहे, पण मला पोट नाही. पोटाच्या जागी माणसाचा हात लागतो. तो नसला की मी नुसती घोंगडीची चिंधी.

मित्रांनो, हातात घालायची बाहुली म्हणून मला शिवलं अश्विनीताईने. जुन्नरच्या बाजारपेठेमागे, समुपदेशन केंद्राच्या माडीवरच्या लहानशा खोलीत ती घाबरलेल्या, गप्प झालेल्या, हट्टाला पेटलेल्या मुलांशी बोलायची. पाहुणे आले की माझी ओळख करून द्यायची, "ह्या माझ्या सहकारी." पाहुणे हसायचे. मी मात्र ते खरंच मानलं होतं, कारण निम्मं काम माझंच होतं. ताई मुलांना सांगायची की मेंढीचा उजवा कान बहिरा आहे, डाव्यात बोला. आणि आईबापाला न सांगितलेलं मुलं माझ्या डाव्या कानात सांगायची. बारा वर्षांत तो कान मळून चिकट झाला. ताईने तो कधी धुतला नाही.

रोहिणी नऊ वर्षांची, मेंढपाळाच्या घरची. मेंढ्यांच्या वाड्यापाशी तिच्या डोळ्यांदेखत बिबट्याने धाकट्या भावाला, पप्पूला, नेलं आणि पोरीची वाचाच बसली. आजी रतनबाई दर बुधवारी तिला एसटीने घेऊन यायची. सात महिने रोहिणीने नुसती माझी लोकर उपटली. मी सोसलं. मग एका बुधवारी ती माझ्या डाव्या कानाशी आली.

"पप्पू आत झोपला व्हता. मी त्याला भाईर..." म्हणाली आणि थांबली.

ताईने घाई केली नाही. माझी मान हलवून विचारलं, बाकीचं पुढच्या बुधवारी? रोहिणीने हो म्हणून मान डोलावली. ती गेल्यावर ताईने मला मांडीवर घेतलं. "सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलीय गं पोर," म्हणाली. "एकदा बोलून टाकलं की तिला सांगता येईल, तुझं काही चुकलं नाही."

ते सांगायचं राहिलं. शुक्रवारी तापाचं निमित्त झालं आणि रविवारी ताई गेली.

बुधवारी त्याच खोलीत शोकसभा होती. शिपाई सोमाजीमामांचे डोळे रडून सुजले होते. ताईची लाडकी म्हणून त्यांनी मला फोटोशेजारी बसवलं आणि झेंडूचा एकच मोठा हार दोघींना घातला. माया होती हो त्यात. पण रतनबाईला ताई गेल्याचा निरोप द्यायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

रोहिणी दारात उभी राहिली. तिने फोटो पाहिला, मग मला. हार कुणाला घालतात हे तिला घरच्या भिंतीवरल्या पप्पूच्या फोटोवरून ठाऊक होतं.

"आजी, मेंढीबी मेली," ती म्हणाली.

सोमाजीमामांनी हार ओढून काढला, आत हात घातला, माझी मान हलवली. "न्हाई गं बाय, जित्ती हाय, बघ." रोहिणीने पाहिलंच नाही. रतनबाई तिला नंतर दोनदा घेऊन आली, पण पोर जिन्यावरच बसून राहिली. आता त्या दोघी येत नाहीत. ताईची जागाही अजून भरलेली नाही.

मी कपाटात आहे, रजिस्टरांच्या खाली. लोकरीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या आहेत. मित्रांनो, तुमचं लाडकं माणूस गेलं तर फोटोला हार जरूर घाला. पण त्याची वाट पाहणारं एखादं लेकरू असेल, तर आधी त्याच्या घरी जा आणि त्याच्याजवळ बसा. रोहिणी अजून त्या अर्ध्या वाक्यापाशीच थांबली आहे. तिचं काही चुकलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण हात असल्याशिवाय मला बोलता येत नाही.