फावडी तळाला

मित्रांनो, मी एक जुनी बैलबंडी आहे. माझी चाकं बाभळीची, माल ठेवायचा साटा सागाचा, आणि लपवायला तोंड नाही, म्हणून गोठ्यामागे उलटी पडून असते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कामठ्याजवळच्या एका खेड्यात शालीकराम सुताराने मला घडवलं आणि मी सुकरामच्या दारात आले. सुकराम गोंदियाच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर धान पोचवायचा. इतर बंड्यांत बारा पोती मावत, माझ्यात तो पंधरा बसवी. पोत्यांच्या फटीत भोपळा, भोपळ्याशेजारी मडकं, मडक्यात अंडी. एकदा फटीत बसवलेला मेहुणा गोंदियापर्यंत हलला नाही. उतरवल्यावरही तो बराच वेळ चौकोनी राहिला. धक्क्यावरचे व्यापारी गुलाबचंद म्हणायचे, "भाई, बंडी हो तो ऐसी!" आणि माझी चाकं तोऱ्यात करकरायची.

एका आश्विनात, धान पोटरीला आलं असताना, गावच्या तलावाची पाळ गळू लागली. खेकड्यांनी भोक पाडलं होतं. पाळीखालची पहिली बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, सुभद्राबाईची. बाई एकटी, आणि तिचं वर्षाचं खाणं त्या एका बांधीत. तलाव गावापासून कोसभर लांब. सगळे रिकाम्या हातांनी पुढे धावले, कारण सामान सुकरामची बंडी आणणार होती.

"फावडे आधी ने, बाकीचं मंग," सुभद्राबाई म्हणाली.

"दोन खेपा कायले, काकी? एकीतच बसवतो ना!"

जड माल खाली, हलका वर, हा सुकरामचा नियम. म्हणून फावडी-कुदळी तळाला गेली. त्यांवर बांबू, तणशीच्या पेंढ्या, पोती, पंचवीस माणसांच्या जेवणाची भांडी. तरी वर जागा उरली. ती त्याला बघवेना, म्हणून त्याने घरातला पाळणा आणून ठेवला आणि दोर आवळले.

मी पोचले तेव्हा देवचंद पाटील भोकात बसले होते. बुजवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

"फावडे कुठी?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

"तळाले जी."

"अन् वर काय आहे?"

"पाळणा."

पाटलांनी भोकातूनच मान वर केली. "कोनासाठी? माह्यासाठी?"

गाठी सुटेनात. बैल सोडले, आणि घाईत कुणीतरी पुढचाच माल ओढून काढला. पुढे हलकी, मागे जड, अशी मी उलाळ झाले. माझं जू आभाळाकडे गेलं आणि उरलेला सगळा माल फावड्यांवर घट्ट बसला. पहिलं फावडं हाती आलं तोवर भोक पाटलांपेक्षा मोठं झालं होतं. पाटील पाण्याबरोबर निघाले, बसलेलेच, आणि सुभद्राबाईच्या बांधीत जाऊन थांबले. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. तिचं धान मात्र सगळं चिखलाखाली गेलं.

कापणी झाल्यावर सुकरामने आपल्या धानातली सहा पोती माझ्यात घातली. कशीही घातली, फटी तशाच राहिल्या. सुभद्राबाईच्या दारात तो मान वर करेना. पोतं खांद्यावर घेऊन पटापट आत टाकू लागला.

"हळू उतरव, बापू," ती म्हणाली. "आता कायची घाई?"

तो पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मला वाटलं, माझा आस आत्ताच मोडावा.

मित्रांनो, लोक म्हणतात, तुझा काय दोष, तू तर लाकूड. पण त्या दिवशी मी किती भरलेय याच्याच गुर्मीत चालले होते. फावडी तळाला टोचत होती, मला कळतही होतं. तेव्हा गाडी भराल तर किती मावतं ते मागाहून बघा. पोचल्यावर कुणाला आधी काय लागेल, ते त्याला विचारा.

सुभद्राबाईने तर न विचारताच सांगितलं होतं.