पाटल्यांच्या पैशांची दुर्बीण

कोकिळाने पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे दुर्बिणीत घालायचं ठरवलं, तेव्हा घरात जो तमाशा झाला तो विचारूच नका. सासू कमलाबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या, "बाईमाणसानं सोनं सोडून काच घेतलेली कोणी पाहिली का?"

"आई, सोनं घालून मला डुक्कर दिसत नाही ना," कोकिळा आतून ओरडली. कोणाचं ऐकून घेईल ती कोकिळा कसली!

गोष्ट अशी होती की तापीकाठच्या त्या सगळ्या पट्ट्यात रानडुकरांनी केळी पार आडवी केली होती. शेवटी डुकरं मारायची सरकारी परवानगी निघाली, ती कोकिळाच्या नावावर. बंदूक सासऱ्यांची, पण सासरे गेले. नवरा समाधान केळीच्या ट्रकवर, अर्धा महिना दिल्लीच्या रस्त्यावर. दीर धर्मेंद्रवर वरातीतल्या मारामारीची केस, त्याला लायसन कोण देतं? राहिली कोकिळा. तिच्या बापानं खकनारकडच्या माळावर पोरीला लहानपणीच नेम धरायला शिकवलं होतं, म्हणून लायसन तिच्याकडे आलं.

पण दोनदा मचाणावर बसून ती गोळी न झाडताच खाली उतरली होती. डुक्कर निघतं दिवेलागणीला. तेव्हा केळीच्या गर्द पानांखाली नुसता एक काळा उंचवटा हलताना दिसतो. तो डुकराचा की वाकलेल्या माणसाचा, देव जाणे. मळ्यात दिवसभर बाया राबतात, कोणी विळा विसरलं म्हणून परत येतं, कोणी बकरीसाठी पाला न्यायला येतं. मनाई केली तरी येतातच. आपल्या गोळीनं माणूस पडेल, ही एकच भीती कोकिळाच्या पोटात होती. आणि ती भीती आहे हे सांगायला तिला लाज वाटत नव्हती.

गावकरी मात्र कावले होते. "या खेपेला नाही जमलं तर मोतीलालला बोलावू," असं ठरलंच होतं. हा मोतीलाल म्हणजे आधी बार काढणारा आणि मग बघणारा माणूस. मागच्या साली त्यानं शेजारच्या गावात एका गरिबाचं वासरू लोळवलं आणि वर हसला. तो आपल्या मळ्यात बंदूक घेऊन हिंडणार, या विचारानंच कोकिळाचं डोकं सणकत होतं.

मग काय, धर्मेंद्रला घेऊन ती बसनं बुऱ्हाणपूरला गेली. शनवारा वेशीजवळ प्रकाशभाईंचं कॅमेऱ्याचं नि चष्म्याचं दुकान. त्यांनी काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या. धर्मेंद्रनं झटकन सगळ्यात स्वस्त उचलली. वीस बाय पन्नास! दारात उभं राहून त्यानं लांबच्या टपरीवरची पाटी घडाघडा वाचून दाखवली.

"भाभी, ये देखो! वीसपट मोठं दिसतं. त्या महागड्यात आठपटच आहे. आता काय खराबी आहे याच्यात, सांगा ना!"

कोकिळानं बघितलं. खरंच छान दिसत होतं, हात जरासा हलला की पाटी नाचत होती तेवढंच. मग तिनं आठ बाय बेचाळीसवाली लावली. तिच्यातही पाटी दिसली, लहान पण थांबलेली.

"दिवसा दोन्ही चालतील, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण मला दिवसा काय करायचं आहे? प्रकाशभाई, मी अंधार पडायला लागेपर्यंत थांबते."

"अहो ताई, सहा वाजेपर्यंत? दुकान आहे हे, धर्मशाळा नाही!"

"मग विकू नका. मी इंदूरहून आणीन."

झक मारत प्रकाशभाईंनी स्टूल दिलं. धर्मेंद्र कपाळाला हात लावून बाहेर चहा पीत बसला. येणारी गिऱ्हाइकं या बाईकडे टकमक बघत होती. बघू देत! ती पदर खोचून बसली ती बसलीच.

उन्हं उतरली तशी ती प्रकाशभाईंच्या गच्चीवर गेली. खाली पॉवरलूमची खटखट चालू होती. पलीकडे जुन्या तटाच्या भिंतीला लागून लिंबाच्या बुडाशी काहीतरी काळं होतं. स्वस्तवालीतून बघितलं तर काळ्यात काळं, मोठं झालेलं. आठपटवाली लावली नि कोकिळा "अगं बाई!" करून ओरडली. काळी बकरी बसली होती, तिचा कान हलत होता, गळ्यात दोरी होती.

"जेवढं जास्त मोठं करावं तेवढा उजेड पातळ होतो, ताई, आणि स्वस्त काच तो आणखी खाते," प्रकाशभाई आता जरा मऊ झाले होते. "मोठं करून दाखवणं सोपं असतं. ही परदेशी बघा, ही याच्याही तिप्पट किमतीची."

तिनं तीही लावली. दोनदा अदलाबदल करून बघितलं. "ही भारी असेल, पण माझ्या डोळ्याला या दोघींत फरक दिसत नाही. मग तिप्पट कशाला घालू? मी काय येडी आहे?" तिनं मधली घेतली. धर्मेंद्रनं हट्टानं स्वतःच्या पैशांनी ती वीसपटवाली घेतली. "बघू या कोणाची कामाला येते," म्हणाला.

दोन दिवसांनी दोघं मचाणावर बसले. दुपारी सर येऊन गेली होती, पानं टपटपत होती. दिवस मावळला, उजेड मातकट झाला, आणि बांधाकडच्या केळीत पानं सळसळली. एक काळा, ओला, चकाकता उंचवटा जमिनीलगत पुढे सरकला. मध्येच थांबून तो बुडाशी उकरू लागला.

धर्मेंद्रनं दुर्बीण डोळ्याला लावली. "डुक्कर! भाभी, डुक्करच आहे, नर आहे मोठा! मारो!"

कोकिळानं बंदूक मांडीवर ठेवली नि आपली दुर्बीण उचलली.

"अब क्या देख रही हो? जाईल ना ते! उद्या मोतीलाल येईल, मग बसा रडत. जमत नसेल तर द्या इकडे!" त्यानं नळीला हात घातला. कोकिळानं कोपर असं हाणलं की तो मागे कोलमडला.

"हात लावशील तर याद राख! लायसन माझ्या नावावर आहे, गोळी माझी आहे. मी बघितल्याशिवाय ती सुटणार नाही. तुझ्या मोतीलालच्या बापालाही सांग!"

तिनं पुन्हा दुर्बीण लावली. काळं होतं ते वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंगच्या प्लास्टिकचं फडकं, पावसासाठी डोक्यावरून पाठीवर घेतलेलं. त्याच्याखाली विळा धरलेला हात. हात थांबला, घाम पुसायला तोंड वर झालं. तिनं बंदुकीची नळी खाली वाकवून काडतुसं काढली नि ओच्यात टाकली. मग आपली दुर्बीण दिराच्या छातीवर आपटली.

"घे. आता याच्यातून बघ तुझं डुक्कर."

धर्मेंद्रनं बघितलं. मग त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती अख्ख्या शिवारानं ऐकली असेल. "आई!"

कमलाबाई कंबरेवर हात ठेवून ताठ झाल्या. "काय रे मेल्या, बोंबलतोस कशाला? बकऱ्यांना चार कोंब कापून नेते आहे. तुझ्या ओरडण्यानं डुकरं पळतील ना!"

धर्मेंद्र मचाणावरच गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला. कोकिळा मात्र रडली नाही. तिला राग आला होता, भयंकर राग. त्याचा, गावाचा, त्या म्हातारीचा. घरी गेल्यावर सगळं कळलं तेव्हा कमलाबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. पानावर बसल्यावर हळूच म्हणाल्या, "एवढे पैसे घातले, तरी मला ओळखायला इतका वेळ लागला का गं?" कोकिळानं त्यांच्या पानात अजून एक भाकरी वाढली.

त्याच रात्री डुकरं आली आणि कोकिळाच्याच वाफ्यातली केळी झोपवून गेली. सकाळी बांधावर माणसं जमली. शेजारच्या मळ्यातला उमेश मोबाईल काढून म्हणाला, "झालं ना? दुर्बीण कामाची नाही नि बाई पण नाही. लावतो मोतीलालला फोन."

धर्मेंद्र खाली मान घालून उभा होता. कोकिळा आडव्या पडलेल्या केळीत उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"लावा की, खुशाल लावा. माझी केळी गेली, मी पुन्हा लावीन. फक्त तो येण्याआधी सगळ्यांनी घरी जाऊन बघून या, आपापली आई कुठे आहे ते."

उमेशची आई तेव्हा मागच्या केळीतच पाला गोळा करत होती. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि तिला हाका मारत केळीत शिरला.