मुठीतली पाकिटं

गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर आई सात महिने जगली. वैशाखात तिवश्याच्या घरी झोपेतच गेली. सुखानं गेली, असं लोक म्हणतात. मला ते सात महिने आठवतात, आणि ते कोणी दिले हेही मला माहीत आहे.

माझी आई पार्बताबाई दर दसऱ्याला अमरावतीच्या बाजारात रस्त्याकडेला झेंडू विकायला बसायची. शेजारी नसीमबानो सीताफळांची टोपली घेऊन. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. वीस वर्षांत दोघींची जागा बदलली नव्हती. बायकांसाठी तिथं संडास नाही. म्हणून सणाच्या दिवशी तिथं बसणाऱ्या सगळ्या बायका, मधे उठावं लागू नये यासाठी, जुलाब थांबवायची गोळी घ्यायच्या, जुलाब नसले तरी. मिश्रीची डबी फिरावी तशी पाकिटं या हातातून त्या हातात फिरत. त्याला कुणी औषध समजत नसे.

गेल्या वर्षी आईला खरोखरच जुलाब होते. घरून निघतानाच तिनं सहा गोळ्या घेतल्या होत्या. बाजारात हिच्याकडून दोन, तिच्याकडून चार. जिला तिला वाटलं, आपणच काय त्या दिल्या. दुपारी भाव सांगता सांगता आई फुलांच्या ढिगावर कलली.

"ए पार्बते, गिऱ्हाईक उभं हाय," खाला म्हणाली. आई हलली नाही. एका श्वासानंतर दुसरा इतका उशिरा आला की खालानं तिच्या नाकाशी बोट धरलं.

ऑटोवाला किशोर जवळच होता. म्हणाला, "मीठ-पानी पाजा, उलटी होऊ द्या."

"झोपेतल्या बाईले पानी पाजतं? घशात अडकून मरन ते. ऑटो आन तुहा."

तो ऑटो वळवून आणेपर्यंत खाला रांगेतल्या बायकांना विचारत फिरली. कुणी तोंड उघडेना. तेव्हा तीच म्हणाली, "मी दोन देल्या. आता तुमी बोला. पोलीस नाई इचारून राहिले, मी इचारून राहिली."

मग एकेक बोलली. खालानं रिकामी पाकिटं गोळा केली, आईच्या बटव्यातली काढली, आणि टोपली तशीच उघडी टाकून ऑटोत बसली. वर्षातला सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस होता तो.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काय घेतलंय यांनी?" खालानं मूठ उघडली. बावीस गोळ्या.

"पाकिटं नसती तर आम्ही आधी लकव्याच्याच मागे लागलो असतो," त्या नंतर मला म्हणाल्या. प्रमाणात घेतली तर ही गोळी आतड्यापुरती राहते. इतकी झाली की श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांनी ऑक्सिजन लावला, छातीला तारा जोडल्या, शिरेतून इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत आईनं डोळे उघडले.

"माहे फुलं कोन पाहून राहिलं?"

"कोनीच नाई. माहे सीताफळंबी कोनी नाई पाहून राहिलं. पड चुपचाप."

मी नोकरीच्या गावाहून, अकोल्याहून, पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई पुन्हा गुंगीत चालली होती. इंजेक्शनचा असर गोळ्यांच्या आधी उतरतो, हे ठाऊक असल्यानं डॉक्टरीण बाई तिच्याजवळून हलल्या नव्हत्या. त्यांनी दुसरं दिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

निघताना मी खालाचे हात धरले. तिनं सोडवून घेतले. "मीबी दोन देल्या होत्या, बेटा," एवढंच म्हणाली.

यंदा आमच्या शेतातला झेंडू घेऊन आईच्या जागेवर मी बसले. गोळ्या आता कुणी काढत नाही. मागच्या गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या शाइस्ताला खालानं गळ घातली. तिच्या घरचा संडास आता या बायकांसाठी उघडा असतो. एक गेली की शेजारची तिचा माल सांभाळते. दिवसभर इतकंच करायचं असतं, आणि वीस वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं.

दुपारी खाला जरा चुळबुळली. माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. शेजारी बसायची ती आता नव्हती, आणि मी अकोल्यात वाचनालय सांभाळणारी बाई.

"जा खाला," मी म्हटलं, "मी आहो इथं."

ती गेली. लगेच एका गिऱ्हाइकानं सीताफळांचा भाव विचारला. मला तो माहीत नव्हता.

"थांबा थोडं," मी म्हटलं, "येऊन राहिली ते."

आणि टोपली माझ्या गुडघ्याशी ओढून घेतली.