वायरीतून आलेला यशपाल

कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्यानं आधी डोकं तपासून घ्यावं. पण कधीचाच गेलेला यशपाल यंदाच्या उन्हाळ्यात सोलापुरात एका वायरीतून परत आला आणि पेटी वाजवायला बसला. ईश्वरतात्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

झालं असं, की चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी जुन्या गायन पार्टीचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. स्टुडिओ बुद्धप्रिया नावाच्या पोरीचा, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या. तात्यांनी आपला म्हातारा कीबोर्ड मांडला. बुद्धप्रियानं त्याच्या पाठीत दोन वायरी खोचल्या, एक आवाजाची आणि एक मिडीची. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढाच निरोप जातो, आणि त्या निरोपावर कॉम्प्युटर सांगाल ते वाद्य वाजवतो. तात्यांनी पट्टी दाबली. कीबोर्ड बोलला, आणि लगेच त्याच्या टाचेवर पाय देत पेटी बोलली.

तात्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले. एका सतरंजीवर यशपालच्या गुडघ्याला गुडघा लावून सगळी उमर गेलेली. केम गावात भर कार्यक्रमात लाइट गेली, कीबोर्ड मुका झाला, तेव्हा यशपालच्या पेटीनंच गाणं तडीला नेलं होतं.

“सॉरी तात्या,” बुद्धप्रिया म्हणाली. “ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू राहिलं, म्हणून कॉम्प्युटरचाही आवाज ऐकू येतोय. काल लग्नाच्या गाण्याला पेटी लावलेली, ती तशीच जोडलेली आहे. कॉम्प्युटरला जरा वेळ लागतो, म्हणून मागनं येते. बंद करते.”

“हात लावू नको!”

“अहो, दोन-दोन आवाज येतायत. लोक हसतील.”

यशपालच्या वाजवण्याची एक टेपसुद्धा कुणाकडं उरली नव्हती. हिनं बटण दाबलं, की हाही गेला. खरं सांगून ही ऐकायची नाही, म्हणून तात्यांनी ठेवणीतलं काढलं.

“ती कॉम्प्युटरची न्हाय गं. आमी केमहून जेऊरला टेम्पोनं चाललो हुतो. ऊन असलं, की रूळ वाकलं, रेल्वे शेतात शिरली आन् ज्वारी खाऊन परत आली! आमची पेटी ह्या कीबोर्डावर बांधलेली. तिच्यातलं सूर वितळलं, ठिबकत ठिबकत ह्याच्या पोटात उतरलं. जेऊरात पेटी उघडली, तर आत नुसता वारा! तवापासनं यशपाल हितंच हाय. तुझ्या वायरीनं तेवढा वर काढला.”

“मग इतकी वर्षं गप्प का?”

“लई लाजाळू की! आन् मागनं येतो, हीच तर त्याची खूण. मी पुढं, तो मागं. कायमचं.”

बुद्धप्रियाचा हात माऊसवरून हलेना. तात्यांनी घाईघाईनं पुन्हा वाजवलं. मागोमाग पेटी आलीच. कोपऱ्यात यशपालची बायको पारूबाई बसली होती, पार्टीची मुख्य गाणारी. मघापासून डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ती ऐकत होती. तिनं डोळे उघडले.

“खोटं!” ती कडाडली. “भावजी, ऊन गिळलं, टेम्पो गिळला, ज्वारी खाणारी रेल्वे बी गिळली मी. पर आमचं मालक कदी मागं न्हवतं! ते तालावरच असायचं, तुमीच दावं तोडल्यावानी पुढं पळायचा. बुद्धे, पेटी हाय तितंच ऱ्हाऊ दे. ह्यास्नीच मागं वढ!”