मधल्या पाइपातली शक्ती

बसथांब्यामागच्या मोकळ्या मैदानात सकाळी आठपासून रांग लागायची. रांगेच्या टोकाला देऊळ नव्हतं की दवाखाना नव्हता. होता एक जुना, निळा, पेट्रोलवर चालणारा पिकअप ट्रक. तो कुठे जात नसे. जागच्या जागी इंजिन धडधडत उभा असे आणि लोक एकेक करून त्याच्या केबिनमध्ये बसून येत. दहा मिनिटांची साधी बैठक, पंधरा मिनिटांची गहन. आत जाताना माणूस लंगडत जाई आणि बाहेर येताना दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, अर्धे डोळे मिटून, हसत येई. कुणाला आत प्रकाश दिसला, कुणाच्या कानात घंटा वाजल्या. निवृत्त पोस्टमास्तरांना बर्फाचे डोंगर दिसले आणि त्यानंतर ते दोन दिवस स्वेटर घालून फिरत होते.

ट्रकचे मालक म्हणजे गाडीबाबा. पांढराशुभ्र सदरा, काळा चष्मा आणि हातात माइक. ट्रकपासून चांगली वीस पावलं लांब, वाऱ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून ते बसत आणि तिथून प्रवचन देत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विश्वात तीन शक्ती आहेत. उष्णशक्ती तळपायातून चढते, कंपनशक्ती हाडांत शिरते आणि शून्यशक्ती मेंदूत उतरते. केबिनच्या काचा घट्ट बंद ठेवायच्या, नाहीतर शक्ती सांडते. हे लोकांना फार पटायचं. दूध सांडतं, तेल सांडतं, मग शक्तीनं काय घोडं मारलंय? शून्यशक्ती मेंदूत उतरते हे तर मलाही मान्य होतं. रांगेकडे बघितलं की खात्रीच पटायची.

त्याच रस्त्यावर माझं सायलेन्सरचं दुकान आहे. वडिलांच्या मागे मीच ते चालवते, म्हणून सगळे मला नळीताई म्हणतात. धुराचे पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे, हा आमचा धंदा. रांगेतले निम्मे लोक माझ्या ओळखीचे होते आणि मी काही बोलले की ते माझ्याकडे दयेनं बघत. हे मी चालवून घेतलं असतं, पण एक दिवस त्या रांगेत माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, याही उभ्या राहिल्या.

त्यांचे गुडघे दुखायचे. पहिल्या बैठकीनंतर गुडघ्यांना खरंच आराम पडला. दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गहन बैठक घेतली आणि घरी आल्या त्या भिंत धरत. मोरीत जाऊन उलटी केली, खाटेवर आडव्या झाल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरत म्हणाल्या, "तुझे सासरे दिसले गं मला. बाजूच्याच सीटवर बसले होते."

मला हसू आलं नाही. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत आईंचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. डोकेदुखीचं काय, असं मी विचारलं. बाबांच्या मते तो जुना मळ निघत होता. परवाची आणखी एक गहन बैठक त्यांनी ठरवूनही टाकली होती. मी जाऊ नका म्हटलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो निळा ट्रक माझ्या दुकानाशी येऊन थांबला. मैदानाशेजारच्या शाळेनं आवाजाबद्दल तक्रार केली होती. ट्रक चालवणारा माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा होता. मागचा डबा बदलून आवाज कमी करा, सकाळी न्यायला येतो, असं तो म्हणाला. मग जरा घुटमळला.

"मधल्या पाइपाला मात्र हात लावायचा नाही. बाबांनी बजावून सांगितलंय."

"का बरं?"

"शक्ती तिथं आहे म्हणे."

वीस वर्षांच्या धंद्यात मी पाइपात गंज पाहिलाय, चिखल पाहिलाय, एकदा उंदराचं घरटंही पाहिलंय. शक्ती पाहायची राहिली होती. मी बॅटरी घेतली आणि ट्रकखाली सरकले.

शक्ती होती खरी, आणि तीही तीन प्रकारची. मधला पाइप लटकवून धरणारं रबर तुटलेलं होतं, त्यामुळे इंजिन चालू झालं की पाइप केबिनच्या तळावर थडाथडा आपटायचा. ही झाली कंपनशक्ती. बरोबर ड्रायव्हरच्या सीटखाली पाइपाचा जोड बोटभर फाटलेला होता. तिथून निघणारी गरम हवा थेट पत्र्यावर लागायची आणि पत्रा तापायचा. ही उष्णशक्ती. गुडघे शेकून निघाले तर बरं वाटणारच, ते काम गरम पाण्याची पिशवीही करते. आणि त्याच जागी पत्र्याला रुपयाएवढं भोक होतं. वरून पायपुसणं टाकलेलं. भोकाच्या कडांना काजळी धरली होती, म्हणजे धूर थेट केबिनमध्ये. ही शून्यशक्ती. केबिनमध्ये अत्तराच्या चार बाटल्या उघड्या लटकत होत्या, त्या धुराचा वास झाकण्यासाठी हे आता मला कळलं.

मी बाहेर आले आणि त्या माणसाला विचारलं, गाडी चालवताना तुमचं डोकं दुखत नाही का?

"काच उघडी ठेवतो ना मी," तो म्हणाला. "बाबांनीच सांगितलंय. माझ्याआधीचा माणूस बंद काचेत बेशुद्ध पडला होता."

तो काय बोलून गेला हे त्याला बोलल्यावर कळलं असावं. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि दोन दुकानं सोडून दवाखाना आहे तिथल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

त्यांनी भोक पाहिलं, आईंना काय काय झालं ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो, त्या म्हणाल्या. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग भलतंसलतं दिसायला लागतं आणि त्याच्या पुढे माणूस उठतच नाही. उद्याच्या यादीत शिंप्याची सून आहे, सातव्या महिन्यातली, असं ट्रकवरचा माणूस म्हणाला. पोटातल्या बाळाला तर हा वायू आईपेक्षाही लवकर मारतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

सकाळी मैदानात सगळ्यांसमोरच हे दाखवायचं आणि तोवर बाबांना काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं आणि डॉक्टरीणबाई तिथूनच पोलीस चौकीवर गेल्या. मी मधल्या पाइपाला हात लावला. नुसता लावला नाही, करवतीनं कापून काढला.

इतक्या जुन्या मॉडेलचा तयार पाइप बाजारात मिळत नाही, तो अंगावर बेतून कपडा शिवावा तसा बनवावा लागतो. इंजिनपासून मागच्या टोकापर्यंतची सगळी वळणं मी जाड तारेवर उतरवून घेतली आणि त्या तारेप्रमाणे नवा पाइप यंत्रावर वाकवला. जोडाला नवी चकती आणि फट बंद करणारं गॅस्केट बसवलं, नवी रबरं लावली, तळाच्या भोकावर पत्रा ठोकून वेल्डिंग केलं. मग इंजिन चालू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ओतलं. कुठेही बुडबुडा आला नाही.

सकाळी ट्रक मैदानात उभा राहिला. आवाज कमी झाल्याचं बाबांनी कौतुक केलं. पहिले आत गेले पोस्टमास्तर. पंधरा मिनिटं बंद काचेत बसून ते खणखणीत पावलांनी खाली उतरले. लोकांनी विचारलं, काय दिसलं?

"समोरचा बसथांबा," पोस्टमास्तर म्हणाले. "आणि फार कंटाळा आला."

दुसऱ्याला फक्त घाम आला. तिसऱ्याला झोप लागली आणि तो घोरायला लागला. मग बाबांनी माइक उचलला. गर्दीत कुणीतरी संशयी आहे, संशयानं शक्ती रुसते, असं त्यांनी जाहीर केलं. संशयी मीच आहे, असं सांगून मी पुढे झाले. सोबत पाण्यानं भरलेला मोठा टब होता, हवेचा पंप होता आणि जुना मधला पाइप होता. पंक्चर शोधताना सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. पाइपाचं एक तोंड चिंध्यांनी बंद केलं, दुसऱ्यातून हवा सोडली आणि पाइप पाण्यात बुडवला. फाटक्या जोडातून बुडबुड्यांचा असा लोंढा उसळला की पुढच्या रांगेतल्यांचे कपडे भिजले. तुटलेलं रबर मी हातोहात फिरवलं, तळाच्या भोकाची जागा दाखवली. तो वायू माणसाचं काय करतो ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शिंप्याच्या सुनेनं नकळत पोटावर हात ठेवला आणि रांगेतून बाहेर आली.

हे सगळं योगायोगानं झालं असेल, मला काय ठाऊक, असं बाबा म्हणू लागले. तेव्हा ट्रक चालवणारा माणूस हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, काच उघडी ठेवायला कुणी सांगितलं होतं ते बोलला.

"बाबा, जुना पाइप मी आत्ता परत बसवते," मी म्हटलं. "तुम्ही अर्धा तास काचा लावून आत बसा. तुमच्याच तिन्ही शक्ती आहेत."

बसवणार मी अर्थातच नव्हते. पण बाबांनी काळा चष्मा काढला, ट्रककडे पाहिलं, टबाकडे पाहिलं आणि आपल्याला आज उपवास असल्याचं सांगितलं. मैदान खदखदून हसलं. चौकीवरचे हवालदार मागेच उभे होते, त्यांनी बाबांना आदरानं जीपमध्ये बसवलं.

आई हसत नव्हत्या. घरी आल्यावर उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "मग हे दिसले ते?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण मी खरं तेच सांगितलं. हवा कमी पडली की डोकं आपल्याकडचं साठवलेलं बाहेर काढतं. पोस्टमास्तरांनी कधीतरी कॅलेंडरवर डोंगर पाहिले असतील. तुम्ही चाळीस वर्षं मामंजींना पाहिलंत.

"तरीच," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटं शेजारी बसले आणि एकदाही मला टोकलं नाही. हे नव्हतेच ते." मग डोळे पुसले आणि दारामागची गरम पाण्याची पिशवी मागितली.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते. कुठलीही अद्भुत गोष्ट बघितली तर नमस्कार करायच्या आधी तिच्या खाली वाकून बघा. ती दाखवणारा स्वतः कुठे बसलाय तेही बघा. हे कसं होतं, असं मोठ्यानं विचारा, आणि कुणी विचारू नका म्हटलं तर दोनदा विचारा. आणि गाडीत डोकं दुखायला लागलं तर आनंदच माना. दुखतंय, म्हणजे अजून जागेवर आहे. ते वापरा आणि बाहेर या.